शिकार सुटलेला शिकारी

कारवान कुत्र्याला पाहिल्यावर लोक ‘काटकुळा’ म्हणतात, तो शब्द मला कधीच पटलेला नाही. खोल छाती, एकदम आत ओढलेले पोट, लांब निमुळते डोके. या शरीराची उपासमार झालेली नसते, त्याने फक्त अनावश्यक ते टाकून दिलेले असते. उंची खांद्यापाशी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, पण वजन तीस किलोंपलीकडे क्वचितच जाते. धडधाकट कुत्र्याच्याही दोन-तीन बरगड्या दिसतात. मराठवाड्यात मामांच्या शेतावर असा एक होता. ‘याला खायला घालत नाही का?’ असे पाहुण्यांनी विचारले की मामी दुधात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीकडे बोट दाखवीत.

आखूड केसांचा तो कारवानी. कानांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी. व्यापारी तांड्यांबरोबर हा पश्चिम आशियातून दख्खनेत उतरला असे मानतात, आणि नावही फारसीच आहे. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी याची जोपासना केली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, आणि हाच कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ झाला. २००५ साली तो टपाल तिकिटावर आला तोही याच नावाने. (राजाश्रय मिळाला की नाव बदलते, हे वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.)

हा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. दूरवर ससा हलला की सुटतो, आणि एकदा सुटला की हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. याला अवज्ञा म्हणणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या माणसानेच निवडून निवडून त्याला असे घडवले. म्हणून त्याला मोकळे धावायला कुंपण घातलेले रान हवे. रस्त्यालगत साखळी सोडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. सतत बांधून ठेवला तर तो बुजरा तरी होतो नाहीतर चिडका. परक्याचा हात त्याला मुळातच खपत नाही. अंगावर चरबी नाही, त्यामुळे थंडीत पांघरूण आणि एरवीही मऊ अंथरूण लागते. नुसत्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात. छाती खोल असल्याने भरल्या पोटी पळवू नये, जठराला पीळ पडण्याची भीती असते. या अंगकाठीच्या कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल लांबतो, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याशी त्याविषयी बोलून घ्यावे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनी त्याची शिकार संपवली. ते योग्यच झाले. सशाची बाजू घेणाराही कोणी हवा होता. पण ज्या कामासाठी हे शरीर घडले ते काम गेले आणि शरीर तसेच राहिले. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले मेरठला प्रशिक्षणासाठी नेली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. फार थोड्यांच्या वाट्याला असे दुसरे काम येते. उरलेल्यांपैकी काही आता हौसेखातर शहरातल्या सदनिकांत जाऊन पडतात.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्राध्यापक मित्रांनी पश्मीचे पिल्लू मिळवून देता का, असे विचारले. मी म्हटले, ‘सर, धावायला जागा किती आहे?’

‘गच्ची आहे ना,’ ते म्हणाले.

मी त्यांना त्यांच्याच गल्लीतले एखादे पिल्लू सुचवले.