वासाची वाट

देवाने दिलेल्या पाच इंद्रियांत घ्राणेंद्रियाची कदर सर्वांत कमी. बेथानीचे घर मरियेच्या सुगंधी तेलाने दरवळून गेल्याचे आपण दर वर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. त्या घरात एखाद्याला वासच येत नसला तर, असे कोणाच्या मनात येत नाही.

नाकावरील शस्त्रक्रिया आपल्याकडे नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविण्यात आले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. पण बाहेरून दिसते ते नाक म्हणजे घराची ओसरी. वास राहतो तो माजघरात. नाकाच्या छताशी एक चिमुकला पडदा असतो. त्यातील मज्जातंतूंचे धागे चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात.

हे मला समजले ते वडीगोद्रीच्या एका शेतकरी कुटुंबामुळे. त्या घरच्या बाईंना तीन वर्षे कशाचाच वास येत नव्हता. गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांमागे दरवळणारा गोडसर, आंबूस वास नाही, की करपलेल्या भाकरीचा नाही. एकदा शेगडीची नळी गळत होती, तेही शेजारणीने ओरडून सांगितले. "फादर, ऑपरेशनने येईल का हो वास?" असे मुलाने विचारले, तेव्हा मी त्यांच्यासोबत संभाजीनगरच्या एका तज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी एकच गोष्ट शोधली: वाट बंद आहे की दिवा विझला आहे? नाकात मांसाचे कोंब वाढून हवा वरपर्यंत पोहोचत नसेल, तर शस्त्राचा उपयोग. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर आणि स्टॅमबर्गर यांनी रुजविलेल्या दुर्बिणीच्या पद्धतीने, चेहऱ्यावर छेद न घेता, वाट मोकळी करता येते. चाळणीच्या हाडाजवळ मात्र हात फार जपून चालवावा लागतो. तेथे धक्का लागला तर उरलासुरला वासही जातो. आणि डोक्याला मार लागून किंवा २०२० सालच्या कोविडसारख्या विषाणूने तंतूच दुखावले असतील, तर वाट रुंद करून काय साधणार? अशांना डॉक्टर वासाचा सराव सांगतात: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, सकाळ-संध्याकाळ, काही महिने. जर्मनीतील हुमेल यांनी २००९ साली मांडलेली ही रीत इतकी साधी आहे, की पुष्कळांचा तिच्यावर विश्वासच बसत नाही. शस्त्रक्रियेवर बसतो, तिचे बिल येते ना!

बाईंच्या नाकात कोंब निघाले. शस्त्रक्रिया झाली. कोंब पुन्हा वाढू शकतात, म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि औषधाचा फवारा चालूच ठेवायला डॉक्टरांनी बजावले आहे. लवंग आता ओळखू येते, गुलाब अद्याप नाही. गोठ्याचा वास मात्र भरपूर येतो, अशी त्यांची तक्रार आहे.