अन्नाला अट नसावी

उपाशी माणसाला अन्न देताना आपली श्रद्धाही सांगावी का? मला वाटते, सांगावी. पण अन्नाला तिची अट नसावी. पुरावा कावेरीकाठीच आहे. 1780 नंतर हैदर अलीच्या स्वारीने तंजावर मुलूख उजाड झाला, भुकेली रयत किल्ल्याकडे लोटली. शेतकऱ्यांचा दरबारावर भरवसा उरला नव्हता; मिशनरी श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी घेतली तेव्हा धान्य आत आले. स्वतः साठवलेला तांदूळही त्यांनी उपाशी लोकांना वाटला. ते धर्मोपदेश उघडपणे करत. तरी त्यांच्या मायेत वाढलेले तंजावरचे दुसरे सरफोजीराजे हिंदूच राहिले आणि श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारकही त्यांनीच करवले. माया शर्तीवर बेतलेली असती, तर अशी कृतज्ञता उरली नसती.

कोणी म्हणेल, रस्त्यावर झोपणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय कुठे असते? आक्षेप खरा आहे. म्हणूनच ताट आधी यावे, आणि प्रार्थना नाकारणाऱ्यालाही उद्या तेच ताट मिळावे. दुसरा म्हणेल, मग फक्त अन्नच द्या. पण बेघर माणूस म्हणजे नुसते पोट नव्हे. त्यालाही विचार करण्याचा, स्वीकारण्याचा, नाकारण्याचा हक्क आहे. कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीच्या शिवावर पदे गाणारे संत अप्पर आधी जैन होते. श्रद्धा बदलणे या मातीला परके नाही. परका आहे तो भुकेचा सौदा.