भाकीत आणि वाट पाहणें

पंचांग पाहून मुहूर्त धरण्याची संवय आमच्या घरास जुनीच. २०२५ सालच्या उन्हाळ्यांत तींत एका नव्या पंचांगाची भर पडली. कोणता स्मार्टफोन केव्हां येणार, त्यांत काय असणार व तो केवढ्यास मिळणार, हें सांगणारे त्याचे गणक म्हणजे आमचे सोळा वर्षांचे नातू!

निमित्त असें झालें. मिरजेच्या आमच्या थोरल्या भगिनी आक्का यांना काचबिंदू आहे. दासबोध वाचल्यावांचून त्यांचा दिवस जात नसे. पण पोथीचें अक्षर दिसेनासें झालें. मोठ्या पडद्याच्या फोनवर अक्षर हवें तेवढें वाढवितां येतें, असें कळल्यावर आम्हीं निवृत्तिवेतनांतून बारा हजार रुपये बाजूस काढले. तोंच नातू म्हणाला, "आजोबा, इतक्यांत घेऊं नका. नवीं मॉडेलें आलीं कीं जुन्यांचे भाव उतरतील."

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलेले. आम्हांस त्याच्या बोलण्यांत न्यायशास्त्र दिसूं लागलें. मेघ पाहून पाऊस येईल म्हणणें हें पूर्ववत् अनुमान. त्यांत कारणावरून कार्य ओळखावयाचें. युरोपीय संघानें २०२२ सालीं कायदा केला कीं, २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विकावयाचे नवे फोन यूएसबी-सी या एकाच जोडणीनें चार्ज व्हावे. आतां आयफोनची निराळी खांच जाणार, असें जाणत्यांनीं सांगितलें. आणि सप्टेंबर २०२३ मधील आयफोन १५ मध्यें ती गेलीच. तेथें मेघ डोळ्यांसमोर होता.

नुसत्या मागील क्रमावर बांधलेलें अनुमान मात्र फसतें. सॅमसंगच्या गॅलॅक्सी मालिकेंत एस-९ मागून एस-१० आला. पुढें अकरा येणार, हें बिगरीतलें पोरही सांगेल. २०२० सालीं आला एस-२०!

भावाचेंही तेंच. दिवाळींत सवलती निघाल्या. तेव्हां "नव्या वर्षीं आणखी उतरेल," असें नातवाचें गणित निघालें, आणि दोनशें-चारशें रुपयांच्या लोभानें आम्ही पुन्हां थांबलों. इकडे कृत्रिम बुद्धीच्या अवाढव्य संगणकगृहांनीं मेमरी-चिप्सची मागणी इतकी वाढविली कीं, वर्षअखेरीस चिप्स महागल्या व त्यांच्यामागून स्वस्त फोनही महागले.

शेवटीं माघांत फोन घेऊन नातवासह आम्ही मिरजेस गेलों. पोथी उघडली, अक्षर बोराएवढें केलें. आक्का कितीतरी वेळ पडद्यावरून बोट फिरवीत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, उजेड दिसतो रे, अक्षर नाहीं लागत."

काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस आधींच सांगितलें होतें. तें भाकीत तेवढें आम्हीं हिशेबांत धरलें नव्हतें. नातू मान खालीं घालून उभा होता. आम्ही त्याला रागें भरलों नाहीं. भाकीत त्याचें होतें, थांबणें आमचें.

आतां रोज दुपारीं तीन वाजतां आम्ही आक्कांना फोनवरून दासबोधाचा एक समास वाचून दाखवितों. वाचकहो, त्याला आमचा जुना बटणांचा फोनही पुरतो. तो आमच्या घरीं पहिल्यापासून होताच.