फत्ते होते, करत नाहीत

मोडीच्या वर्गात दुसऱ्या महिन्यात सरांनी पहिल्यांदा लढाईचं पत्र वाचायला दिलं. झेरॉक्स होती, शाई फुटलेली. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं एका दमात लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. एक ओळ लावायला मला पाऊण तास लागला. हाती आलं ते एवढंच : 'शिकस्त' आणि पुढे काही माणसं 'कामास आली'.

मी म्हटलं, "सर, यांनी शिकस्त केली, माणसं उपयोगी पडली. म्हणजे जिंकले!"

"ताई, हे हरल्याचं पत्र आहे. आणि कामास आली म्हणजे ती माणसं मेली."

मी गप्प बसले. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. त्या कागदात शिकस्त खातात. शब्द फारसी, अर्थ मोडणं, तुटणं. आपल्या 'फौजेचा मोड झाला' यातही हरणं म्हणजे मोडणंच.

मग जिंकल्याचे शब्द वहीत उतरवू लागले. यश आलें. ठाणें बसलें. फत्ते जाहली. इथे वेगळंच कोडं पडलं. 'मी जिंकलो' असं कुणी लिहीतच नाही. यश येतं, फत्ते होते, तीही स्वामींच्या, म्हणजे धन्याच्या, पुण्यप्रतापाने. आधी मला ही खुशामत वाटली. पालखेडचं वाचल्यावर मत बदललं. पालखेड आपल्याच वैजापूर तालुक्यात. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला तिथे कोंडलं. मोठी समोरासमोर लढाई झालीच नाही. रसद आणि पाणी तोडलं, निजामाचा जड तोफखाना मागे राहिला होता, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. ही लढाई घोड्यांनी मारली, की जासुदांनी, की तहानेने? अशा वेळी 'फत्ते जाहली' हेच खरं वाक्य.

सरांनी एक दिवस सांगितलं की फत्ते हा शब्द मुळात अरबी 'फतह', आणि त्याचा पहिला अर्थ 'उघडणं'. हरणं म्हणजे मोडणं, जिंकणं म्हणजे उघडणं! त्या संध्याकाळी मी मुद्दाम आमच्या गावातल्या भडकल दरवाजाला गेले. मलिक अंबरने १६१० मध्ये हे गाव खडकी नावाने वसवलं, आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा बांधला. विजयाची खूण, आणि ती दरवाजा! पुढे १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाचं नाव फतेहनगर केलं. १६५३ मध्ये ते औरंगाबाद झालं. म्हणजे सत्तावीस वर्षं आमच्या गावाचं नावच फत्ते होतं. जन्म इथे गेला, या दरवाजापासून हजारदा गेले असेन, पण त्या कमानीखाली थांबून वर पाहिलं ते त्याच दिवशी.

अजून एक पान सलग वाचता येत नाही. रोज चार ओळी लागतात, आणि त्यात एखादा शब्द असा उलटा निघतोच. म्हणून सांगते, घरात जुन्या ट्रंकेत, पोथ्यांच्या गाठोड्यात मोडी कागद असेल तर तो रद्दीत देऊ नका. वाचता येणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.