शुश्रूषा करणाऱ्याचे दोन दिवस

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील माणूस मुंबई पाहतो ती बहुधा दुखण्याच्या निमित्ताने. टेंभुर्णीत दवाखाना चालवताना परळच्या टाटा रुग्णालयासाठी आणि केईएमसाठी मी कितीतरी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. तपासण्यांची फाइल छातीशी धरून माणसे जातात, धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि पुढची तारीख घेऊन परततात. समुद्र पाहिला का, असे विचारले तर ‘टॅक्सीतून दिसला’ असे उत्तर मिळते. अशा शहरात पतिपत्नीने केवळ विश्रांतीसाठी दोन दिवस जावे, आणि तेही घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असताना, ही कल्पना आपल्याकडे बेजबाबदारपणाची वाटते. यंदा संक्रांतीनंतर आम्ही दोघे असे जाऊन आलो. त्यामागचे कारण आणि त्यासाठी केलेली तयारी सांगावी, म्हणून हा लेख.

माझ्या सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. बोलणे समजते, पण संथ. अन्न मऊ करून भरवावे लागते. मी दिवसभर दवाखान्यात असते, त्यामुळे त्यांचे सगळे काही माझे पतीच करतात. ते शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरातील पूर्णवेळ परिचारक झाले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि त्यासाठी रात्रीही उठावे लागते. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा रक्तदाब १६०/१०० च्या घरात राहू लागला. औषधाची मात्रा वाढली, पण झोपेची भरपाई कोणतीही गोळी करत नाही. त्याहून अधिक मला जाणवत होते ते त्यांचे बोलणे. लघवी, ताप, गोळ्या आणि चादरी यांपलीकडचा विषयच उरला नव्हता.

दवाखान्यात मला अशी माणसे रोज भेटतात. रुग्णाला घेऊन येणारी सून, मुलगा किंवा सत्तरीची पत्नी म्हणते, ‘माझं राहू द्या, आधी यांचं बघा.’ १९९९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्ध व्यक्तींचा चार वर्षे मागोवा घेण्यात आला होता. शुश्रूषेचा शारीरिक व मानसिक ताण जाणवत असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे माणूस सेवेने झिजत नाही, तर विसावा नसलेल्या सेवेने झिजतो.

हे मी पतींना सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मी गेलो आणि आईला काही झालं तर?’ हा प्रश्न ‘काही होत नाही’ असे म्हणून झटकण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर तयारीनेच द्यावे लागते. बार्शीच्या आमच्या धाकट्या जाऊबाईंना आम्ही तीन दिवस आधी बोलावून घेतले. केवळ सूचना ऐकून शुश्रूषा जमत नाही. त्यांनी पतींसमोर स्वतः आईंची कूस बदलली, त्यांना टेकून बसवून भरवले आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसते ठेवले. आडवे असताना भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, औषधांची नावे, मात्रा आणि वेळा. दुसरी, घाबरू नये अशा गोष्टी : एखादे जेवण टाळणे, रुसणे, रात्री जाग येणे. तिसरी, थांबू नये अशा गोष्टी : ताप चढणे, गिळताना ठसका लागून दम लागणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी येणे, चेहरा किंवा बोलणे आणखी बिघडणे. यांपैकी काही दिसल्यास गावातील दुसऱ्या डॉक्टरांना फोन करायचा आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. आम्हाला कळवणे त्यानंतर.

आईंनाही सगळे सांगितले. त्या झोपलेल्या असताना निघून जाणे सोपे होते, पण वृद्ध माणसाचा विश्वास एकदा गेला की पुढच्या वेळी ते कुणालाच जवळ येऊ देत नाही. आम्ही कुठे जाणार, किती रात्री राहणार आणि परत कधी येणार, हे दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, ‘जा,’ आणि तोंड भिंतीकडे फिरवले. पती उंबऱ्यापाशी थबकले. जाऊबाई म्हणाल्या, ‘भाऊजी, निघा आता. मी आहे.’

टेंभुर्णीहून साधारण वीस किलोमीटरवर कुर्डूवाडी जंक्शन. तिथून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आरक्षण करताना ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि ६० वर्षांवरील पुरुष यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो, तो अवश्य मागावा. दिवसाच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत, आणि दोन दिवसांऐवजी चार दिवसांची घ्यावीत.

आम्ही एक नियम ठरवला होता, एका दिवसात एकच ठिकाण. शनिवारी सकाळी खोलीवर पोहोचल्यावर पती जे झोपले ते दुपारीच उठले. चार वर्षांत प्रथमच त्यांनी सलग पाच तास झोप घेतली होती. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियापाशी जाऊन बसलो. या कमानीची पायाभरणी १९१३ साली झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून निघून गेली. समोरचे पाणी आम्हाला अपेक्षेहून शांत वाटले. याचे कारण शहराच्या घडणीत आहे. मुंबईच्या पश्चिमेला खुला अरबी समुद्र, तर पूर्वेला बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधले आडोशाचे पाणी. लाटांचा मारा बेट स्वतःवर घेते, म्हणून मागच्या बाजूला जहाजांना विसावता येते. उजनीच्या फुगवट्याशेजारी आयुष्य गेलेल्या माझ्या पतींना हे फार आवडले. ‘बंदर म्हणजे आडोसा,’ ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. आई जेवत नव्हत्या आणि ‘तो कुठे आहे’ असे पुन्हा पुन्हा विचारत होत्या. पती उभेच राहिले. संध्याकाळची गाडी मिळेल का, हे पाहू लागले. मी जाऊबाईंना कागदावरील तिसऱ्या भागातील एकेक गोष्ट विचारली. ताप नव्हता, ठसका नव्हता, गुंगी नव्हती, बोलणे रोजच्यासारखे होते. म्हणजे आई आजारी नव्हत्या, नाराज होत्या. नाराजी खरी असते आणि तिचा आदरही करावा, पण ती आणीबाणी नव्हे. पतींनी फोनवर त्यांना पुन्हा सांगितले, ‘आई, सोमवारी सकाळी येतोय.’ आम्ही थांबलो. पुढचे तीन तास मात्र जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो असताना सूर्यास्ताच्या सुमारास निरोप आला, आईंनी वाटीभर तांदळाची पेज घेतली.

रविवारी घारापुरीला गेलो. गेटवेहून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यावरून वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या चढण्याचा हट्ट धरू नये. लाँचमधून फेरी मारून येणेही पुरेसे सुखाचे असते. थंडीतही समुद्रकाठी घाम येतो आणि उतारवयात तहान कमी लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

तिथल्या भव्य त्रिमूर्तीसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. एक मुख उग्र, एक कोमल आणि मधले शांत. पती हळूच म्हणाले, ‘रात्री तिसऱ्यांदा उठावं लागतं ना, तेव्हा कधी कधी मला आईचा राग येतो.’ चार वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आले नव्हते. मी म्हणाले, ‘येणारच. माया आहे म्हणूनच तुम्ही तिसऱ्यांदाही उठता.’ शुश्रूषा करणाऱ्या माणसाला राग येतो. तो दुष्टपणा नसून थकव्याचे लक्षण आहे. ते वेळीच बोलून दाखवता आले, तर ते कठोर शब्दांत किंवा हात उगारण्यात उतरत नाही.

सोमवारी सकाळी घरी पोहोचलो. आईंनी तासभर अबोला धरला, मग मुंबईला काय खाल्ले ते विचारले. दुपारचे जेवण मात्र त्यांनी धाकट्या सुनेकडून मागून घेतले. पतींना क्षणभर वाईट वाटले, पण मला त्यात मोठी जमेची बाजू दिसली. आईंना आता आणखी एका हाताचा भरवसा होता. दोन दिवसांच्या विश्रांतीने रक्तदाब बरा होत नाही. पतींची गोळी चालूच आहे. मात्र जाऊबाई आता दर महिन्याला दोन रात्री येतात, आणि त्या रात्री पती वरच्या खोलीत झोपतात.

प्रत्येकाला मुंबईला जाणे जमेल असे नाही, आणि तसे जायलाच हवे असेही नाही. बहिणीच्या घरी एक रात्र, उजनीच्या काठी एक दुपार, देवदर्शनाचा एक दिवस, हेही चालेल. आवश्यक आहे ते दुसऱ्या माणसाला आधीपासून शिकवून ठेवणे. नातेवाइकांना माझी विनंती आहे की ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणू नये, कारण कुणी सांगत नाही. ‘येत्या शनिवारी मी येते, तुम्ही बाहेर जा,’ असे म्हणावे. जवळ कुणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

आणि ज्यांची शुश्रूषा होते आहे, त्या ज्येष्ठ वाचकांना एवढेच सांगणे आहे : आपण अंथरुणावर असलात, तरी घराला देण्यासारखी एक गोष्ट अजून आपल्या हाती आहे. आपल्यासाठी रात्री उठणाऱ्या माणसाला एकदा मनापासून म्हणावे, ‘जाऊन ये.’