सण संपल्यावर बघू

‘एवढे सण होऊन जाऊ देत, मग सुरू करते’ हे वाक्य मराठी घरात वर्षातल्या कुठल्याही तारखेला म्हणता येतं. आषाढात तळणाचे बेत. श्रावणात उपास, आणि उपास सोडायला पक्वान्नं. मग गौरी-गणपती. पितृपक्षात कुणा ना कुणाकडे खीर-वडे. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, दसऱ्याला श्रीखंड, कोजागरीला मसाला दूध, दिवाळीचा फराळ, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, होळीला पुरणपोळी, मग पाडवा आणि पाडव्याच्या मागोमाग आमरस. मधल्या फटींत लग्नं, बारशी आणि ऑफिसातले वाढदिवस. डाएट सुरू करायला एक कोरा आठवडा हवा म्हणून मी एकदा कालनिर्णय आषाढापासून आषाढापर्यंत चाळलं. तसा आठवडा त्यात नव्हता.

तो शोधायची वेळ आली ऑफिसच्या वार्षिक तपासणीमुळे. वय सत्तेचाळीस, घर डोंबिवली पूर्वेला, नोकरी फोर्टात. रिपोर्टात एचबीएवनसी 6.2. डॉक्टरांनी कागदाच्या कडेला तीन पट्टे काढून दाखवले. 5.7 च्या खाली ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह आणि मधला पट्टा पूर्वमधुमेहाचा. मी त्या मधल्या पट्ट्यात पुढच्या टोकाकडे होते.

‘‘पण मी काही जाड नाही, डॉक्टर.’’

‘‘आपल्याकडे त्याने फसायला होतं,’’ ते म्हणाले आणि त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला दिला. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्या लोकांची जुनी तऱ्हा. साडी नेसल्यावर मी बारीक दिसते, या भरवशाला तिथेच पूर्णविराम मिळाला.

त्या भेटीत मला खरी उपयोगी पडली ती मात्र दुसरीच माहिती. ‘‘उद्या परत तपासू का? आज सकाळपासून काही खाल्लं नाही, बघा तरी,’’ असं मी म्हटल्यावर डॉक्टरांनी ही तपासणी काय मोजते ते समजावलं. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज हिशोब असतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा. आज उपाशी राहून तो खाली येत नाही आणि चतुर्थीला दोन मोदक खाल्ले म्हणून वरही उडत नाही.

घरी येताना गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. तोवर मी जे जे काही सुरू केलं होतं त्यात एकेक दिवस तपासला जायचा. पहाटे साडेपाचला उठून तासभर चालणं, रात्री फक्त सूप, साखर पूर्ण बंद. दिवस पाळला तर पास, मोडला तर नापास, आणि नापास झालं की पुन्हा पहिल्या दिवसापासून, तेही सोमवारी. शरीर मात्र अशी रोजची परीक्षा घेतच नाही. ते तीन महिन्यांची सरासरी काढतं. मग सरासरीवर फरक पडेल असं काय आहे, जे दिवाळीतही होईल, लग्नाच्या घरातही होईल आणि ठाण्याच्या पुढे गाडी अडकली तरी होईल?

याचं उत्तर माझ्या घरातच बसलेलं होतं. सासूबाई गेली कित्येक वर्षं एकादशी करतात. मागे त्यांना ताप आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, उपास नाही करायचा. एकादशीच्या दिवशी त्यांनी निमूट मऊ भात खाल्ला. मला वाटलं, आता या हळहळतील, नेम मोडला म्हणतील. पुढची एकादशी आली आणि त्यांनी नेहमीसारखा वरीचा तांदूळ काढला. मी विचारलं, ‘‘आई, मागची राहिली त्याचं काही वाटलं नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती गेली, ही आली. त्यात काय वाटायचंय?’’

या बाईंनी उपासासाठी कधी मनाची तयारी केलेली मी पाहिली नाही. ‘या वर्षीपासून कडक करायचं’ असंही त्या म्हणाल्या नाहीत. तिथी येते, त्या करतात. चुकली तर दंड म्हणून दोन करत नाहीत आणि चुकली म्हणून सोडतही नाहीत. माझ्यात जी कमी होती असं मी समजत होते ती इच्छाशक्ती त्यांना कधी लागलीच नव्हती.

मग मी माझ्यापुरत्या थोड्याच गोष्टी ठरवल्या आणि ठरवताना महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस समोर धरला. पहिली, रात्रीचं जेवण झालं की दहा मिनिटं चालायचं. जमलं तर जास्त, पण दहा पुरेत. हात धुतले की चपला, मधे टीव्ही नाही. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी गरज लागत नाही, म्हणून जेवणानंतरची ही वेळ मोक्याची. दुसरी, ताटात आधी भाजी, उसळ, कोशिंबीर. पोळी आणि भात त्यानंतर. तिसरी, पर्समध्ये फुटाण्यांची पुडी. डोंबिवली स्टेशनावर उतरल्यावर वडापावचा वास येतो तेव्हा पोटात काहीतरी असलेलं बरं. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: एक दिवस चुकला तर चुकू दे, लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही.

पहिले काही आठवडे हे अगदीच किरकोळ वाटायचं. दहा मिनिटांनी काय होणार? गाडीतल्या मैत्रिणींना सांगायचीही लाज वाटावी इतकं. आमच्या लेडीज डब्यात मटार सोलता सोलता एकेकीचे पराक्रम ऐकू यायचे. कुणी महिनाभर भात सोडलेला, कुणी जिमची वर्षाची फी भरलेली. मी फुटाणे खात ऐकायचे.

जुलैतल्या एका संध्याकाळी मात्र या किरकोळपणाची किंमत कळली. रुळांवर पाणी, गाड्या ठप्प. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजून गेले. साडी गुडघ्यापर्यंत चिंब, चपलेचा अंगठा तुटलेला. जेवले आणि पाय आपोआप दाराकडे वळले. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खाली पार्किंगमध्ये, स्कूटरच्या दोन रांगांच्या मधून येरझाऱ्या घालू लागले. चौथ्या-पाचव्या फेरीला वॉचमनकाका खुर्चीवरून उठून आले. ‘‘ताई, काही पडलं का? बॅटरी आणू?’’ तासाभराचा व्यायाम ठरवलेला असता तर त्या रात्री मी खाली उतरलेच नसते, आणि बहुधा दुसऱ्या दिवशीही नाही.

गणपतीत खरा कस लागेल असं वाटलं होतं. मोदक आमच्याकडे सासूबाई वळतात आणि त्यांच्या मोदकाला नाही म्हणणं शक्य नाही, मला म्हणायचंही नव्हतं. दुपारच्या ताटात आधी वालाची उसळ आणि काकडीची कोशिंबीर, मग तुपाची धार सोडून मोदक, अगदी चवीने. रात्री आरत्या आटोपल्यावर बाकीचे गणपती बघायला घरोघर गेले, मीही गेले, फक्त रिक्षा न करता. पूर्वी ‘डाएटवर आहे’ म्हटलं की आग्रहाला ऊत यायचा. ‘एका दिवसाने काय होतंय’ म्हणत दुसरा मोदक ताटात पडायचाच. आता मी डाएटवर नव्हतेच. एक खाल्ला, छान झालाय म्हटलं, संपलं. एका दिवसाने काही होत नाही हे तर मलाही पटलेलं होतं, त्या दोन्ही अर्थांनी.

लेक मानसशास्त्र शिकते. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असा फॉरवर्ड आला तेव्हा ती वैतागली. म्हणाली, याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि लोकांनी त्याचा नियम केला. प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 2010 साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात 96 जण होते. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस, पण माणसागणिक फरक 18 पासून 254 पर्यंत. आणि त्यात एक बाब मला सासूबाईंना वाचून दाखवावीशी वाटली: मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे शोधायला लंडनला जावं लागलं?’’

थोडक्याने फरक पडतो का, या शंकेला मात्र आकड्यांचा आधार हवा होता आणि तो इथलाच निघाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने पूर्वमधुमेहाच्या 531 भारतीयांवर तीन वर्षं नजर ठेवली. त्यांचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना विशेष काही सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराचा आणि चालण्याचा पाठपुरावा केला त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणजे खात्री कुणालाच नाही, पण पारडं नक्की झुकतं. मला तेवढं बस होतं.

वर्षभराने माझा आकडा 5.8 आला. डॉक्टर खूश झाले, मीही झाले. त्यानंतर दिवाळी, भाच्याचं लग्न आणि तापाने घेतलेलं अंथरूण असं सगळं एका तिमाहीत आलं आणि पुढच्या रिपोर्टात 6.0. पूर्वीची मी असते तर त्या कागदाची घडी घालून ‘आता जानेवारीपासून’ म्हटलं असतं. या वेळी जानेवारीपासून सुरू करावं असं काही शिल्लकच नव्हतं, कारण बंद काही पडलं नव्हतं. त्या रात्रीही जेवल्यावर खाली गेले. फक्त दहाची वीस मिनिटं केली आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारून ठेवली.

परवा गाडीत शेजारच्या मैत्रिणीने तिचा रिपोर्ट दाखवला. माझ्यासारखाच, मधल्या पट्ट्यातला. म्हणाली, ‘‘तुझा चार्ट पाठव ना. मार्गशीर्ष संपला की सुरू करते.’’

‘‘चार्ट नाहीये. आज रात्री जेवल्यावर दहा मिनिटं चाल.’’

‘‘आज? अगं, आज तर रिसेप्शन आहे, ठाण्याला. बुफे.’’

‘‘मग आजच सुरू कर,’’ मी म्हटलं, ‘‘हॉलपासून स्टेशनपर्यंत चालत ये.’’