परतीची तार

मोटार सुरू होत नाही म्हणजे तिची बॅटरी उतरली, हा सुशिक्षित माणसाचा पहिला समज असतो. आणि बॅटरी नवी घातल्यावरही ती सुरू होत नाही म्हणजे स्टार्टर बिघडला, हा दुसरा. हे दोन्ही समज आम्ही रोख पैसे मोजून पुरे करून घेतले आहेत. आमच्याकडे 1984 सालची पद्मिनी आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा गडचिरोली हा चंद्रपुराहून वेगळा जिल्हा होऊन दोनच वर्षे झाली होती. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निरोप घेऊन गेली. आमच्या गाडीच्या कानी ती वार्ता अद्याप गेलेली नसावी.

तिचे दुखणे मोठे लहरी होते. सकाळी किल्ली फिरवताच ती आज्ञाधारकपणे गुरगुरू लागे, आणि दुपारी बाजारात नुसते एकदा ‘टक्’ करून गप्प बसे. चंद्रपूरच्या उन्हाने बॅटरी खाल्ली, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. हे निदान खोटेही नव्हते. थंडीपेक्षा उष्णता बॅटरीचा घात अधिक करते. तीतले पाणी उडते, पत्रे लवकर झिजतात, आणि आमच्या गावी मे महिन्यात पारा 47 अंशांवर जातो. निदान इतके शास्त्रशुद्ध असल्यावर पुढे पाहण्याची गरज कोणास वाटणार? नव्या बॅटरीला आम्ही स्वतः मीटर लावून पाहिला, तो त्याने 12.6 व्होल्ट दाखविले. इतके झाल्यावर गाडी भंगारात देण्याचा ठराव घरात सर्वानुमते मंजूर झाला. मातोश्रींचे मत तेवढे घ्यावयाचे राहिले होते.

श्रावणातील एका संध्याकाळी आम्ही मातोश्रींना गडचिरोलीहून चंद्रपुरास आणीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. वैनगंगा ओलांडली, सावली, मूल मागे टाकले, आणि केळझरच्या जंगलात त्यांना मळमळू लागले म्हणून गाडी कडेला घेतली. येथे आम्ही एक शहाणपणा केला. पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद केले. दहा मिनिटांनी किल्ली फिरविली, टक्! पुन्हा फिरविली, पुन्हा टक्. पाऊस भुरभुरत होता, मोबाइल मुका होता, आणि या पट्ट्यात वाघ असतो हे सांगण्यासाठी वनखात्याने फलकही नेमका तेथेच लावला होता. आम्ही बॉनेट उघडून बॅटरीकडे उगाच पाहत उभे राहिलो. आतून मातोश्री म्हणाल्या, “अरे, वाघ यायचा तेव्हा येईल. तू आधी डोकं पूस.”

वाघ आला नाही. मोटरसायकलवरून एक वयस्क गृहस्थ आले. एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षे काढून निवृत्त झालेले, हे मागाहून समजले.

“काय झालं जी?”

“बॅटरी नवी आहे, स्टार्टरही दुरुस्त करून घेतला आहे,” आम्ही आपली बाजू मांडली.

“ते नाही विचारलं जी. चाबी फिरवल्यावर लाइट मंद होते का?”

हा प्रश्न आम्ही स्वतःला कधीच विचारला नव्हता. दिवे लावून किल्ली फिरविली. ‘टक्’ झाले, पण दिव्यांचा उजेड तसूभरही उणा झाला नाही. “मंग बॅटरीले काही नाही झालं. करंट जाऊनच नाही राहिला,” असे म्हणून त्यांनी चोकच्या तारेवर बोट टेकले आणि चटकन मागे घेतले. “इथं हात लावून पाहा, सर.”

तार चांगलीच तापली होती. चोकची झडप ओढण्यासाठी असलेल्या त्या गरीब तारेने विजेचे ओझे का वाहावे?

उलगडा त्यांनी दोन वाक्यांत केला. आम्हांस वर्गात त्याला अर्धा तास लागला असता. बॅटरीतून निघालेला प्रवाह जाड तारेने स्टार्टरकडे जातो, हे सर्वांस दिसते. तो परत येतो तो इंजिनाच्या लोखंडातून. पण इंजिन रबराच्या उशांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी खाली असते. तिच्या टोकाशी गंज चढला की प्रवाहाची परतीची वाट बुजते. दिवे गाडीच्या अंगाशी जोडलेले, त्यांना याची दादही नसते. प्रवाह मग मिळेल ती आडवाट धरतो, आणि आमच्या गाडीत ती चोकच्या तारेची होती. स्टार्टर दीडशे अँपिअर मागतो असे धरा. वाटेत दोन शतांश ओहमचा अडथळा असला, तरी बारांपैकी तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. मीटरने 12.6 दाखविले ते खरेच होते. आम्ही ते विचारले मात्र गाडी स्वस्थ बसली असताना, आणि तेही बॅटरीपाशीच. किरचॉफने आपले नियम 1845 साली मांडले. आम्ही ते अठ्ठावीस वर्षे शिकवीत आहो.

“धक्का मारून निंगेल जी, पण पुढं चिचपल्लीच्या जंगलात बंद पडली तर?” असे म्हणत त्यांनी आमची डिकी उघडली. तीत मुलाने दिलेल्या दोन जंपर केबली होत्या. त्या दुसऱ्याच्या बॅटरीतून वीज उसनी घेण्यासाठी असतात, अशी आमची पक्की समजूत. त्यांनी काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला, आणि केबल सुतळीने पंख्यापासून दूर बांधली. “मारा चाबी.”

अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली.

आम्ही खिशात हात घातला, तो ते म्हणाले, “माय डोळ्याच्या दवाखान्यात चालली, अन् पैसे कायचे जी?” मातोश्रींनी मात्र त्यांना डब्यातल्या वड्या घेतल्यावाचून जाऊ दिले नाही. लोहारा मागे पडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ही विकणार होतास ना रे?”

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढच्या रविवारी आम्ही गाडीखाली शिरून ती पट्टी सोडविली. वरून ती धड दिसत होती. बोल्टाखालचे तिचे टोक हिरवे-काळे होऊन बोटांत चुरले. नवी पट्टी बसविण्यास जो खर्च आला, तो बॅटरी आणि स्टार्टर यांच्या शेजारी लिहावयास आम्हांस लाज वाटते. चोकची तार मात्र आम्ही बदललेली नाही. तिच्यावरचे वेष्टण एका ठिकाणी वितळून गोळा झाले आहे, आणि थंडीच्या सकाळी ती ओढताना जरा अडते.